चौदा जण होतो

माझ्या भाऊजींबद्दल आता लोक बरं बोलतात. मेलेल्या माणसाबद्दल बरं बोलायला काय जातं? ते जिवंत होते तेव्हा ह्याच लोकांनी त्यांच्या दारावर डांबर फासलं होतं. आणि खरं सांगायचं तर त्या दिवसांत माझा रागही काही कमी नव्हता. फक्त माझ्या हातात डांबराचा डबा नव्हता, एवढाच फरक. म्हणून मी त्यांचं गुणगान गाणार नाही. झालं तसं सांगतो.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. बेकरीत भट्टीवर कामाला होते. लग्न ठरवायला आमच्या घरी आले तेव्हा आईने विचारलं, "मुलगी पसंत आहे ना?" हे शांतपणे म्हणाले, "अजून दिसलीच नाही. तुम्ही मधे बसलाय." आई उठून बाजूला झाली, ताई हसली, आणि त्या हसण्यावर लग्न ठरलं. मला तेव्हाच ओळखायला हवं होतं की हा माणूस अवघड आहे.

बेकरीतही तेच. गिऱ्हाईक विचारायचं, "पाव ताजा आहे ना?" हे म्हणायचे, "नाही, कालचा आहे. ताजा अर्ध्या तासात निघेल." मालक कपाळाला हात लावायचा. तरी त्यांना काढत नव्हता, कारण त्यांच्या हातचं पीठ फुगायचं तसं दुसऱ्या कुणाच्या हातचं फुगत नव्हतं. शिवाय त्यांची नजर. भट्टीतून बाहेर ओढलेल्या ट्रेवर एकदा नजर टाकून ते अडतीस म्हणाले की अडतीसच. मालक सुरुवातीला मोजून बघायचा, मग त्याने तेही सोडलं.

लग्नाला चार वर्षं झाली आणि हा माणूस ख्रिस्ती झाला. त्यानंतर दोन वर्षांनी पाळक. म्हणजे रोज पहाटेपासून दुपारपर्यंत भट्टी आणि रविवारी मंडळीची उपासना. आमच्या घरावर आभाळ कोसळलं. आईने तीन महिने ताईचं नाव काढलं नाही. मी त्यांच्या खोलीवर जाऊन तोंडावर बोललो, "तुम्ही बाटलात ते बाटलात, माझ्या बहिणीला कशाला ओढलंत?"

"ओढली नाही," ते म्हणाले. "ती माझ्याआधी तयार झाली होती. मीच घाबरत होतो."

ताई आतून ओरडली, "खरंय ते. भांडायचं असेल तर माझ्याशी भांड." आपलेच दात आणि आपलेच ओठ.

खोली गादीवाल्याच्या दुकानावर होती. जिना अरुंद, एका वेळी एकच माणूस चढेल असा, आणि वर एकच लांबट खोली. मागे गच्चीवर उघडणारं दार, आणि गच्ची शेजारच्या गच्चीला लागून. खाली कापूस पिंजायचे तो सगळा उडून वर यायचा. उपासनेला आलेली माणसं घरी जाताना डोक्यावरचा कापूस झटकत जायची, आणि रस्त्यावरच्या टपोऱ्यांना त्यावरूनच कळायचं की हा वर जाऊन आला. मग शिट्ट्या, शिव्या. "पावाचा तुकडा टाकला की गळाला लागतात," असं अख्खी गल्ली म्हणायची. भाऊजी बेकरीतले, त्यामुळे लोकांना विनोदही आयता मिळाला होता.

आता त्या पावाचं सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. महिन्यातून एका रविवारी त्यांच्याकडे प्रभुभोजन असायचं. पाव मोडायचा आणि प्रत्येकाने एकेक तुकडा खायचा. इतर पाळक पाव मोडून ताटलीत ठेवतात म्हणे, उरला तर उरला. भाऊजी बेकरीवाले पडले. ते आधी खोलीभर एक नजर टाकायचे, डोकी मोजायचे, आणि चाकूने पावाचे बरोबर तेवढेच तुकडे करायचे. एक जास्त नाही, एक कमी नाही. "ज्याच्यासाठी कापला त्याने खाल्ला पाहिजे," असं म्हणायचे.

आमच्याकडे कायदा असा की घरात दहापेक्षा जास्त माणसं प्रार्थनेला जमवायची तर परवाना लागतो. आणि परवाना ह्या लोकांना कुणी देत नव्हतं. मला चांगलं माहीत आहे, कारण मी सरकारी कचेरीच्या बाहेर पत्र्याखाली टाइपरायटर घेऊन बसतो. लोकांचे अर्ज, जबाब, प्रतिज्ञापत्रं टाइप करतो. भाऊजींचे परवान्याचे पाच अर्ज मीच टाइप केले होते. पाचही परत आले. मी म्हणालो, "भाऊजी, एकदा आठ माणसं लिहा, एकदा सात लिहा. कोण मोजायला येतंय?" ते म्हणाले, "आम्ही आठ नसतो रे." पालथ्या घड्यावर पाणी!

माझा धंदाच असा आहे की खरं-खोटं मी जरा सैल हाताने धरतो. "अर्जदार आजारी होता" असं मी दिवसातून दहादा टाइप करतो. त्यातले नऊ तरी ठणठणीत माझ्यासमोर उभे असतात.

त्या रविवारी मी ताईला न्यायला गेलो होतो. आईचे गुडघे धरले होते, आणि ताई आली की आईला बरं वाटायचं. मी आत गेलो नाही, जिन्याच्या वरच्या पायरीवर बसलो. आत गाणं चालू होतं. मग गाणं थांबलं, आणि थोड्या वेळाने खालून बुटांचे आवाज आले. आठ-दहा शिपाई, त्यांच्यामागे गादीवाला, बोटाने वर दाखवत. तक्रार त्यानेच केली होती. खोली त्याचीच, भाडेकरू त्याचाच, आणि तक्रारही त्याचीच.

पहिल्या शिपायाने माझ्या दंडाला धरून उभं केलं. मग तोंड बघितलं. "अरे, तू तर टाइपवाला! तू इथे काय करतोस?"

"बहिणीला न्यायला आलोय," मी म्हणालो.

"मग बाजूला हो. उगीच अडकशील." आणि मला भिंतीला दाबून ते आत गेले.

तेवढ्या वेळात चार जण मागच्या दाराने गच्चीवर गेले आणि शेजारच्या गच्चीवरून उतरले. दोघे गवंडी भाऊ, एक शाळेतली बाई आणि एक इस्त्रीवाली म्हातारी. म्हातारीला गवंड्यांनी उचलूनच नेलं म्हणे. शिपायांना आत नऊ माणसं मिळाली, भाऊजी आणि ताई धरून. त्यांनी सगळ्यांना खाली उभं केलं, मारलं, वह्या-पुस्तकं जिन्यावरून फेकली. गल्ली बघायला जमली होती. कुणीतरी भाऊजींच्या तोंडावर थुंकलं. कोण ते मला माहीत आहे. तो आता बाजारात भेटला की त्यांची आठवण काढतो.

पण नऊ! नऊ म्हणजे दहाच्या आत. नऊ म्हणजे गुन्हाच नाही. कचेरीतले साहेब तसे आळशी गृहस्थ, त्यांना रविवारची झोप मोडल्याचा राग होता. म्हणाले, "नऊ आहेत ना? मग जबाब घ्या, सही घ्या, सोडून द्या." सुंठीवाचून खोकला गेला. कचेरीतलं मशीन बंद होतं, म्हणून जबाब माझ्याकडे आला. मी माझ्या पत्र्याखाली बसून स्वतःच्या हाताने टाइप केलं: "सदर वेळी खोलीत एकूण नऊ व्यक्ती उपस्थित होत्या." कधी एवढ्या आनंदाने टाइप केलं नसेल.

साहेबांनी कागद भाऊजींपुढे सरकवला. "वाचा आणि सही करा."

इथे शंभरातली नव्याण्णव माणसं वाचत नाहीत. कुठे फुली मारायची तेवढं विचारतात. भाऊजींनी फुटलेला चष्मा नाकावर ठेवला आणि ओळ न् ओळ वाचली. मग पेन घेतलं, 'नऊ' शब्दावर रेघ मारली, आणि वर लिहिलं 'चौदा'. खाडाखोड केली की बाजूला छोटी सही करायची असते, तीही केली. मग खाली मोठी सही केली आणि कागद परत दिला.

साहेबांनी कागद वाचला. "चौदा? मग बाकीचे पाच कोण?"

"ते मी सांगणार नाही."

"का?"

"त्यांना त्रास होईल."

"मग चौदा कशाला लिहिलंत, शहाणे?"

"चौदा होतो म्हणून," भाऊजी म्हणाले.

एवढा मोठा धोंडा आपल्याच पायावर पाडून घेणारा माणूस मी दुसरा बघितलेला नाही. नावं लपवायची होती तर संख्या लपवायला काय झालं होतं? संख्या सांगायची होती तर नावं सांगून सुटायचं. हे दोन्हीकडून मार खाणं कुठल्या देवाला हवं असतं? तीन वर्षांची शिक्षा झाली. बाकीच्या आठ जणांना दोन दिवसांनी सोडलं.

पहिल्या भेटीला गेलो तेव्हा जाळीपलीकडे ते उभे होते, आणि मी विचारपूस करण्याऐवजी भांडलोच. "नऊवर सही केली असती तर काय बिघडलं असतं?"

ते मग म्हणाले, "ती इस्त्रीवाली म्हातारी पहिल्यांदाच आली होती रे. घरात सून तिला जेवायला हाक मारत नाही. आयुष्यात कुणी तिला मोजलेलं नाही. मी तिच्यासाठी तुकडा कापला. आणि दोन तासांनी लिहून द्यायचं की ती नव्हतीच?"

"तिला काय कळणार होतं कागदावर काय लिहिलंय ते!"

"मला कळलं असतं."

मी तिथून तणतणत निघालो. ताई तोपर्यंत माझ्या घरी राहायला आली होती. गादीवाल्याने तिचं सामान रस्त्यावर काढलं होतं. बेकरीमालक म्हणाला, तुझ्या नवऱ्याचं नाव इथे घेऊ नको, गिऱ्हाईक तुटतं. ताईने शिवणकाम विचारून बघितलं, कुणी दिलं नाही. नळावर गेली की बायका बादल्या काढून घ्यायच्या, हिच्या आधी नको आणि हिच्यानंतरही नको. आई, ताई आणि मी, तिघांचं जेवण माझ्या टाइपरायटरवर चालत होतं. माझी बसायची जागा परवान्याची. तो कचेरीतून मिळतो, आणि कचेरीच्या मनात आलं की जातो. त्यामुळे मी तोंड शिवून बसत होतो. समोर उभं राहून माणसं भाऊजींना शिव्या द्यायची आणि मी त्यांचे अर्ज टाइप करायचो. एकाने तर "ह्या धर्मभ्रष्टाला आणखी शिक्षा व्हावी" असा अर्ज माझ्याचकडून टाइप करून घेतला. त्यात एकही चूक केली नाही मी. लाज वाटते.

तुरुंगात त्यांना कांबळी धुवायचं काम होतं. हिवाळाभर गार पाणी. वर्षाने खोकला लागला, दीड वर्षाने खोकल्यातून रक्त. तेवढ्यात कचेरीत नवे साहेब आले. त्यांना जुन्या फायली मिटवायच्या होत्या. त्यांनी निरोप पाठवला: पाचांतलं एक नाव द्या, कुठलंही, आणि उरलेली शिक्षा माफ. भाऊजींनी नाही म्हणून कळवलं.

मी भेटायला गेलो. त्यांचा सदरा खुंटीवर टांगल्यासारखा अंगावर लोंबत होता. मी म्हणालो, "माझं नाव द्या."

आता इथे मला एक गोष्ट सांगायला हवी, जी मी वर नीट सांगितली नाही. मी बहिणीला न्यायला गेलो होतो हे खरं. पण उपासना सुटायची पाचला, आणि मी गेलो होतो पावणेचारला. त्याच्या आदल्या रविवारीही गेलो होतो. त्याच्याही आदल्या. जिन्यावर बसायचो, रागाने ऐकायचो, घरी येऊन त्यांच्या बोलण्यातल्या चुका काढायचो, आणि पुढच्या रविवारी पुन्हा आधी जाऊन बसायचो. त्या दिवशी सगळे डोळे मिटून बसलेले असताना भाऊजी ताटली घेऊन दारापर्यंत आले. चौदावा तुकडा माझ्यापुढे धरला. मी घेतला आणि खाल्ला. आणि आतल्यांबरोबर हळूच आमेन म्हणालो. कुणी बघितलं नाही. ताईची पाठ होती. हे फक्त त्यांना माहीत होतं आणि मला.

"माझं नाव द्या," मी पुन्हा म्हणालो. "मी होतो ना तिथे?"

"होतास," ते म्हणाले. "तुझी बहीण कुठे जेवते?"

"ते बघू आपण."

"आणि आई? तुझा परवाना जाईल. वर वर्षभर आत. मग त्या दोघींना कोण बघेल? गल्ली?" एवढं बोलून त्यांना खोकला आला, आणि शिपाई म्हणाला वेळ संपली.

मी त्यांचं ऐकलं नाही. आयुष्यभर लोकांचे जबाब टाइप केले, त्या दिवशी स्वतःचा केला. "मी त्या रविवारी प्रार्थनेसाठी उपस्थित होतो. मी त्या पाचांपैकी एक आहे." दोन प्रती काढल्या, सही केली, आणि नव्या साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवल्या.

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. "मेव्हण्याला सोडवायला आलास."

"खरं सांगायला आलो."

"ते त्यांनाच विचारतो. त्यांनी कबूल केलं तर ते सुटले, तू अडकलास. विचार कर."

"केलाय," मी म्हणालो.

दोन दिवसांनी भाऊजींना आणलं. खुर्ची दिली, कारण त्यांना उभं राहवत नव्हतं. मी भिंतीपाशी उभा होतो. माझ्या डोक्यात एकच होतं. ह्या माणसाने कालचा पाव ताजा म्हटला नाही, नऊला चौदा केलं, तो आता मला बघून नाही कसं म्हणेल? त्याला येतच नाही ते. मी निर्धास्त होतो. खरं बोलायच्या त्यांच्या खोडीचा मला पहिल्यांदाच उपयोग होणार होता.

साहेबांनी माझा जबाब त्यांना वाचून दाखवला. मग विचारलं, "हा माणूस त्या दिवशी प्रार्थनेला होता का?"

भाऊजींनी माझ्याकडे बघितलं नाही. टेबलाच्या कडेकडे बघत म्हणाले, "नाही. तो फक्त बहिणीला न्यायला आला होता. बाहेर बसला होता. त्याचा आमच्याशी काही संबंध नाही."

"भाऊजी!" मी ओरडलो. "खोटं बोलताय तुम्ही! साहेब, हे खोटं बोलतायत! मी तुकडा खाल्ला, ह्यांच्या हातून खाल्ला!"

साहेब हसले. "हे खोटं बोलतायत? बाबा रे, हा माणूस खोटं बोलत नाही हे तुरुंगातल्या उंदरांनाही ठाऊक आहे. म्हणून तर दीड वर्ष आत आहे." त्यांनी माझ्या जबाबाच्या दोन्ही प्रती फाडल्या. "त्या दिवशीच्या शिपायानेही हेच लिहिलंय, बहिणीला न्यायला आला होता. माया आहे, समजू शकतो. जा, कामाला लाग. पुन्हा असला खोटा जबाब आणलास तर परवाना काढून घेईन."

शिपायांनी मला दंडाला धरून बाहेर काढलं. मी भाऊजींना शिव्या देत होतो, खऱ्याखुऱ्या, घाणेरड्या. पंधरा वर्षांत दिल्या नाहीत त्या सगळ्या त्या दिवशी दिल्या. त्यांनी मान वर केली नाही. ह्या माणसाने पाच माणसांच्या हजेरीसाठी स्वतःची तीन वर्षं दिली आणि मला, एकट्यालाच, त्या खोलीतून पुसून टाकलं. त्यांना ते किती जड गेलं असेल हे मला कळतं. कळतं म्हणूनच राग जास्त येतो. त्यांच्या आयुष्यातलं एकुलतं एक खोटं त्यांनी माझ्यावर खर्च केलं, आणि मला विचारलंसुद्धा नाही.

त्यानंतर त्यांनी माझी भेट घेतली नाही. ताईला भेटायचे, मला नाही. चार महिन्यांनी गेले. मातीला गवंडी भाऊ आले, शाळेतली बाई आली, इस्त्रीवाली म्हातारी काठी टेकत आली. आता ते कुठेतरी दुसरीकडे जमतात. ताई जाते. मला कुणी बोलवत नाही, आणि का बोलवावं? त्यांच्या पाळकाने सांगितलंय की माझा त्यांच्याशी संबंध नाही.

परवा जेवताना ताईला सगळं सांगितलं. पावणेचार, जिना, तुकडा, आमेन, सगळं. ती परातीत हात तसाच ठेवून ऐकत होती.

"म्हणजे हे साहेबांसमोर खोटं बोलले, असं म्हणायचंय तुला?"

"हो."

तिचा चेहरा लाल झाला. "ज्या माणसाने एका शब्दासाठी जीव दिला, त्याला तू खोटारडा म्हणतोस? माझ्यासमोर?"

"ताई, मी होतो गं तिथे."

"ह्यांनी नाही म्हटलं ना?" ती म्हणाली. "मग नव्हतास." आणि तिने माझ्या ताटात भाकरी वाढली.